सायनसच्या दुर्बीण शस्त्रक्रियेत नेव्हिगेशन कसे वापरावे

नाकातून दुर्बीण घालून सायनसची शस्त्रक्रिया करताना हत्याराचे टोक रुग्णाच्या सीटी स्कॅनवर कुठे आहे, हे नेव्हिगेशन यंत्र दाखवते. पॉलिप (नाकातल्या मऊ गाठी) पुन्हा वाढले असतील किंवा आधीच्या शस्त्रक्रियेत ओळखीच्या खुणा नाहीशा झाल्या असतील, तेव्हा त्याचा खरा उपयोग होतो. पहिल्याच साध्या शस्त्रक्रियेला ते लागतेच असे नाही.

सीटीचे काप १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असावेत आणि नाकाच्या शेंड्यासह सगळा चेहरा व कपाळ त्यात यावे, असे रेडिऑलॉजी विभागाला लेखी कळवावे. स्कॅनच्या वेळी कपाळावर आवळलेला पट्टा त्वचेचा आकार बदलतो आणि पुढे रजिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे रुग्णाचा चेहरा स्कॅनशी जुळवताना, आडवा येतो. स्कॅन यंत्रात भरण्यापूर्वी सर्जनने तो स्वतः वाचावा. घ्राणखाच, म्हणजे नाकाच्या वर कवटीच्या तळात असलेली खाच, किती खोल आहे (केरोसच्या १९६२ च्या वर्गीकरणात ८ ते १६ मिलिमीटर हा तिसरा, अधिक जोखमीचा प्रकार) आणि ओनोडी पेशी (मागच्या बाजूला पसरलेली सायनसची हवेची पोकळी) आहे का, हे आधीच ठाऊक हवे, कारण त्या पेशीच्या भिंतीलगत ऑप्टिक नर्व्ह (दृष्टीची नस) असते.

रजिस्ट्रेशन भूल दिल्यानंतर आणि ट्रॅकर (डोक्याची जागा यंत्राला कळवणारा भाग) कपाळावर घट्ट बसवल्यानंतर करावे. श्वासनलिकेतल्या ट्यूबच्या चिकटपट्टीने गाल ओढला जातो, म्हणून बिंदू गालावरून न घेता कपाळ, भुवईची कड आणि नाकाचा हाडाचा भाग येथून घ्यावेत. यंत्र विद्युतचुंबकीय असेल, तर लोखंडी ट्रे दूर सरकवावा.

यानंतर पडद्यावर त्रुटीचा आकडा उमटतो आणि तो लहान दिसला की बहुतेक जण निश्चिंत होतात. खरी फसगत इथेच होते. तो आकडा चेहऱ्यावरचे बिंदू स्कॅनशी किती जुळले एवढेच सांगतो. चेहऱ्यापासून आत स्फेनॉइडकडे (नाकाच्या मागे खोलवर असलेल्या सायनसकडे) जावे तशी चूक वाढत जाते. म्हणून प्रोबचे (यंत्र जिची जागा दाखवते त्या सळईचे) टोक मिडल टर्बिनेटच्या (नाकाच्या आतल्या मधल्या हाडाच्या घडीच्या) पुढच्या टोकाला, आणि स्फेनॉइड उघडल्यावर त्याच्या मागच्या भिंतीला टेकवून, दुर्बिणीतले दृश्य आणि पडद्यावरची खूण ताडून पाहावी. डोळ्याच्या खोबणीजवळ किंवा कवटीच्या तळाशी जाण्यापूर्वी दर वेळी ही पडताळणी पुन्हा करावी, कारण हात लागून ट्रॅकर केव्हा सरकला हे कळतही नाही. काढून टाकलेला पॉलिपही पडद्यावर तसाच दिसत राहतो. स्कॅन शस्त्रक्रियेपूर्वीचा असतो.

फरक २ मिलिमीटरहून अधिक आढळल्यास पुन्हा रजिस्ट्रेशन करावे आणि तरीही जुळत नसेल, तर यंत्र बाजूला ठेवून शरीररचनेच्या खुणांवरच काम पुढे न्यावे किंवा तिथेच थांबावे.