बाइकचा पुढचा ब्रेक स्पंजी झाला, हवा घरीच काढली

कोपरखैरण्याच्या दमट हवेत ब्रेक ऑइल ओलावा ओढतंच. लिव्हर ग्रिपला टेकायला लागला, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्येच बसलो. ८ नंबरचा पाना, पारदर्शक नळी, तिचं एक टोक निपलवर (चाकाजवळ ब्रेकवर असलेला हवा काढायचा स्क्रू), दुसरं बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा सैल करायचा, बुडबुडे आले की आवळायचा, मगच लिव्हर सोडायचा. एकट्याला आरामात जमतं. लिव्हरजवळची ऑइलची टाकी तेवढी रिकामी होऊ द्यायची नाही. ऑइल सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग खातं.

माझा क्लचही ऑइलवरच चालतो, तो मात्र हट्टी! हवा वरच्या बँजो बोल्टपाशी (लिव्हरजवळ ऑइलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) अडकली होती. फडकं गुंडाळून, लिव्हर दाबून बोल्ट किंचित सैल केला, फुस्स झालं, लगेच आवळला. माझ्या गाडीत दोन्हीकडे डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) आहे. काहींच्या क्लचमध्ये मिनरल ऑइल असतं, झाकणावर वाचूनच भरा.