पाणी वेशीत येण्याआधी: घर सोडायची तयारी

पूर चढत असतानाही माणसं घर सोडत नाहीत, याला लोक हट्ट म्हणतात. बहुतेक वेळा तो हट्ट नसतो. गोठ्यात जनावरं बांधलेली असतात, घरात वर्षाची ज्वारी असते आणि सातबारा, पासबुक, पोरांच्या मार्कशीट कुठल्या पेटीत आहेत ते आठवत नसतं. या तिन्हींचं काय करायचं ते आधी ठरलेलं नसलं की "अजून घटकाभर बघू" होतं, आणि त्या घटकेत रस्ता पाण्याखाली जातो. म्हणून तयारीची सुरुवात या तीन अडचणी सोडवण्यापासून करा. टॉर्च आणि बिस्किटं नंतर.

आपला मराठवाडा दुष्काळाचा म्हणून पुराची सवय नाही, पोहता येणारे कमी आणि होडी तर नाहीच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच लातूरकडच्या मांजरा नदीकाठची, आणि तेरणा, सिंदफणा, सीना, गोदावरीकाठचीही कितीतरी गावं पाण्यात होती. तयारी मृग लागण्याआधी एकदा करा आणि पोळ्याला पुन्हा तपासा. आपल्याकडचे मोठे पूर बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरातच येतात, आणि तोवर मे महिन्यात भरलेल्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात.

निघायची रेघ

कधी निघायचं हे पाऊस पडत असताना ठरवू नका, ते आज ठरवा. बहुतेक जण आपल्या उंबऱ्याकडे बघून अंदाज बांधतात आणि तिथंच चुकतात. घराच्या आधी बुडतो तो बाहेर जाणारा रस्ता, त्यातही ओढ्यावरचा नळकांडी पूल. तेव्हा गावातून उंचावर जाणाऱ्या वाटेवरची सगळ्यात खोलगट जागा शोधा. तिथं पाणी पोचायच्या बरंच आधी नदीचं किंवा ओढ्याचं पाणी कुठं असतं, हे जुन्या माणसांना विचारा. पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायरीवर त्या जागी ऑइलपेंटनं रेघ मारा. खरं तर दोन रेघा मारा. खालच्या रेघेला पाणी लागलं की जनावरं, म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि लेकरं निघतात, वरच्या रेघेला उरलेले सगळे. संध्याकाळी पाणी खालच्या रेघेच्या जवळ असेल आणि पाऊस चालू असेल तर रात्रीची वाट बघू नका, उजेडातच सगळे निघा.

नदीपासून लांब असलेल्या वस्त्याही सुरक्षित धरू नका. नदी भरून वाहू लागली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागं फुगतं. हा फुगवटा कधीकधी गावाच्या मागच्या बाजूनं येतो, आणि सगळे नदीकडे बघत बसलेले असतात.

धरणाखालच्या गावांनी एक वही ठेवावी. जायकवाडीतून, मांजरातून किंवा माजलगावातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे तलाठी आणि पाटबंधारे खातं कळवतं, पण नुसत्या आकड्यावरून आपल्या गावात काय होणार ते कळत नाही. (१ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर.) वहीत प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: विसर्गाचा आकडा, तो सोडल्याची वेळ, गावात पाणी चढल्याची वेळ आणि कुठल्या खुणेपर्यंत चढलं ती जागा. दोन-तीन पावसाळ्यांत ही वही गावापुरती कुठल्याही बातमीपेक्षा उपयोगी पडते. फक्त मधल्या ओढ्या-नाल्यांचं पाणी त्या आकड्यात नसतं, हे विसरू नका.

इशारा मिळायला मोबाईलवर 'सचेत' ॲप ठेवा. मात्र पुरात वीज बंद करतात, म्हणजे मंदिराचा आणि मशिदीचा भोंगाही बंद पडतो. बॅटरीवर चालणारा एक भोंगा ग्रामपंचायतीत चार्ज करून ठेवलेला हवा. तो नसेल तर गल्लीगल्लीत एकाकडे शिट्टी द्या आणि तीन लांब शिट्ट्या म्हणजे निघा, एवढं सगळ्यांना सांगून ठेवा.

जनावरं

पुरात जनावर बऱ्याचदा दावणीला बांधलेलं राहिलं म्हणून बुडतं. मोकळी गाय, म्हैस, बैल पाण्यात तरतात आणि उंचाकडे जायला धडपडतात. बांधलेल्याला तो मार्गच नसतो. पोळ्याला नवी दावी येतात, ती ओली झाली आणि जनावरानं हिसके दिले की गाठ अशी आवळते की बोटांनी सुटत नाही. नायलॉनचीही तीच गत. तेव्हा पावसाळाभर खुंट्याला मोकळं टोक ओढताच सुटणारी गाठच मारायची आणि गोठ्याच्या मेढीला एक धारदार विळा अडकवून ठेवायचा. साखळी असेल तर तिचा आकडा गंजून अडकत नाही ना, ते बघून तेल द्या. लोढणं आणि पायबंद पावसाळ्यात काढूनच टाका.

हलवताना क्रम महत्त्वाचा. वासरू पुढं चालवलं तर गाय मागं येते. वासरू गोठ्यात राहिलं तर गाय अर्ध्या वाटेतून परत फिरते आणि तुम्हाला तिच्यामागं पाण्यात जावं लागतं. शेळ्या आणि करडं पहिल्या फेरीत ट्रॉलीत घाला, कारण थोड्याशा वाहत्या पाण्यातही ती टिकत नाहीत. हलवायला वेळच उरला नसेल तर सगळी दावी कापा, गोठ्याचं फाटक सताड उघडा आणि निघा.

जिथं जाणार त्या माळावर किंवा गायरानात थोडा कडबा आधीच रचून ताडपत्रीनं झाका. एका मोठ्या जनावराला दिवसाला ६-७ किलो कोरडा चारा धरला तर दोन बैलांना तीन दिवसांसाठी ४० किलो लागतो. घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पावसाळ्याआधी टोचून घ्या, कारण माळावर गावभरची जनावरं एकत्र येतात. कानात १२ आकडी बिल्ला नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून घ्या आणि प्रत्येक जनावराचा बिल्ला दिसेल असा फोटो काढून ठेवा. पुढं भरपाईच्या वेळी हाच फोटो लागतो.

कागद, पैसे, धान्य

आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा आणि आठ-अ, खरेदीखत, पीकविम्याची पावती, जन्मदाखले, मार्कशीट, औषधाची चिठ्ठी हे सगळं एका जाड प्लास्टिक पिशवीत घाला, तोंड दुमडून चिकटपट्टी लावा आणि ती दुसऱ्या पिशवीत घाला. एकाच पिशवीत शिवणीतून पाणी शिरतं. लॅमिनेशन मूळ कागदांना करू नका, झेरॉक्सना करा. सगळ्यांचे फोटो काढून तालुक्याबाहेरच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा. आपला मोबाईल बुडाला तरी ते त्याच्याकडे राहतात.

रोख रक्कम शंभर, पन्नास आणि दहाच्या नोटांत ठेवा, दोन-तीन हजार पुरे. टॉवरची बॅटरी संपली की फोनवरून पैसे देता येत नाहीत, आणि पाचशेची नोट घेऊन कुणी सुटे देत नाही.

वर्षाचं सगळं धान्य वाचवता येईलच असं नाही, पण महिनाभराचं येतं. २० किलो पीठ-ज्वारी आणि ५ किलो डाळ घट्ट झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये भरून माळ्यावर ठेवा. बाकीची पोती जमिनीवर न ठेवता विटांवर फळ्या टाकून त्यावर लावा, आणि भिंतीला चिकटवू नका. भिजलेलं धान्य फुगतं आणि मातीच्या ओल्या भिंतीला तो दाब झेपत नाही.

पिशवी

पाठीवर घेता येईल अशी एक पिशवी, वजन ७-८ किलोच्या वर नाही, दाराजवळच्या खुंटीला. लोखंडी पेटी नको, ती उचलायला दोन माणसं लागतात. आत काय हवं: टॉर्च आणि सेल (सेल टॉर्चमध्ये घालून ठेवू नका, गळतात), भरलेली पॉवरबँक, शिट्टी, १० मीटर नायलॉन दोरी, काडेपेटी आणि मेणबत्ती डबल प्लास्टिकमध्ये, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएसची सहा पाकिटं, सॅनिटरी पॅड, बाळ असेल तर लंगोट आणि वाटी-चमचा, रोजच्या औषधांचा सात दिवसांचा साठा आणि चष्मा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक छोटं मडकं बाजूला काढावं. ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात घट्ट बंद डबीत इन्सुलिन ठेवलं तर फ्रीज नसतानाही थंड राहतं.

पिण्याचं पाणी पिशवीत माणशी एक लिटर, आणि घरात दोन ड्रम भरलेले. पुरानंतर चोहीकडे पाणी असतं पण पिण्यासारखं नसतं. गढूळ पाणी आधी चौपदरी फडक्यानं गाळा, तुरटी फिरवून निवळू द्या आणि मग पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात क्लोरीनची गोळी टाका, अर्धा तास थांबा. गाळातच गोळी टाकली तर क्लोरीन मातीतच खर्ची पडतं.

खाण्याचं आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे: दुधात भिजवलेल्या दशम्या, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, फुटाणे. पावसाचा जोर दिसला की दशम्या टाकाव्यात. त्या दोन-तीन दिवस टिकतात आणि चूल लागत नाही. भिजवलेल्या पिठाचे धपाटे दुसऱ्या दिवशी आंबूस होतात, ते पहिल्या दिवशीच संपवा.

कागदावर हे आकडे मोठ्या अक्षरात लिहून पिशवीत आणि दाराच्या आतल्या बाजूला लावा: ११२ कुठल्याही संकटासाठी, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, १०७७ जिल्हा नियंत्रण कक्ष. फोन लागत नसेल तर मेसेज करा, कमी रेंजमध्ये तो आधी जातो.

निघताना

कोण काय करणार ते नावानिशी ठरवा. घरात खरोखर असतील त्यांच्या नावानं. बीड, धाराशिवकडं ऊसतोडीला कोयता (म्हणजे ऊस तोडणारं जोडपं) निघाला की घरात आजी-आजोबा आणि लेकरंच उरतात, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही येतो. अशा घरांची जबाबदारी शेजारच्या घराकडे आधीच द्या.

मेन स्विच हात-पाय कोरडे असतानाच बंद करा. बोर्डापर्यंत पाणी पोचलं असेल तर त्याला हात लावू नका. गॅसचा रेग्युलेटर काढून टोपण घाला आणि टाकी खिडकीच्या गजाला बांधा, रिकामी टाकी तरंगते आणि आदळत फिरते. शेतातली मोटार आणि स्टार्टर आणायला जाऊ नका. ते पावसाच्या आधीचं काम आहे.

वाहत्या पाण्यात पाय घालू नका. वाहतं पाणी असेल तर वीतभर पाण्यातही माणूस पडतो, दोन फुटांत चारचाकी उचलली जाते. ट्रॅक्टर जड आहे म्हणून पुलावर घालतात, पण पाण्याखाली पुलाचा कठडा आणि भराव शाबूत आहे की नाही हे वरून दिसत नाही. वाट एकदा कोरड्या दिवसांत रात्री टॉर्च घेऊन, घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन चाला आणि वेळ मोजा. पावसात त्याच्या दुप्पट धरा.

भूकंपाला इशारा नसतो

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. सुमारे १० हजार माणसं गेली, ती मुख्यतः माळवदाखाली (मातीच्या सपाट छताखाली) आणि दगड-मातीच्या भिंतींखाली. रुंद भिंतीत आतला आणि बाहेरचा दगडांचा थर वेगळा असतो, मध्ये नुसती भर. हादरा बसला की दोन्ही थर सुटतात आणि वरचा मातीचा भार खाली येतो. हिंगोली-नांदेड-परभणीकडं २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा हा विषय जुना झालेला नाही.

माळवद गळतं म्हणून दरवर्षी नवी माती टाकू नका. आधी जुना थर उतरवा, मग तेवढाच टाका. कोपऱ्यात भिंत फुगलेली दिसली तर त्या खोलीत झोपणं बंद करा. उशापाशी चप्पल आणि टॉर्च ठेवा, डोक्यावर फडताळ किंवा पाण्याची टाकी नको. पक्क्या घरात मजबूत टेबलाखाली बसून त्याचा पाय धरा. माळवदाच्या घरात दार चार-पाच पावलांवर असेल तर बाहेर पडा, पण अरुंद गल्लीत थांबू नका, भिंती तिथंच पडतात.

परतल्यावर

पाणी ओसरल्यावर लगेच घरात शिरू नका. मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि वाळताना ढासळते. दोन दिवस ऊन लागू द्या, बाहेरून भेगा बघा. काठीनं ठोकत आत जा, कोपऱ्यात आणि कपड्यांच्या ढिगात नाग, घोणस, मण्यार असू शकतात. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरू नका, तो भाग न हलवता ग्रामीण रुग्णालयात न्या.

विहिरीतला गाळ काढून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका, १००० लिटरला सुमारे ५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत ओता आणि तासभर उपसा करू नका.

आणि साफसफाईच्या आधी फोटो काढा. पडलेली भिंत, भिजलेली पोती, पाण्याची ओल भिंतीवर किती उंचीपर्यंत आहे ती रेघ, मेलेल्या जनावराचा कानातला बिल्ला. जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदनाचा दाखला घ्या. २०२२ ते २०२६ च्या सरकारी निकषात दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० आणि बैलाला ३२,००० रुपये आहेत, पण पंचनाम्यात नाव नसलं तर तलाठ्यालाही काही करता येत नाही.