टेन्साइल टेस्टचा डेटा सिम्युलेशनमध्ये टाकताय? या चुका टाळा

डीपी600 सारख्या हाय-स्ट्रेंथ स्टीलची टेन्साइल टेस्ट (नमुना ताणून तोडायची चाचणी) करून घ्यायची, तिचा स्ट्रेस-स्ट्रेन (ताण-विकृती) कर्व्ह अबॅकस (Abaqus) या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये भरायचा, आणि निकाल प्रत्यक्षाशी जुळला नाही की सॉल्व्हरला, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला, नावं ठेवायची, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. खरी गडबड बहुतेक वेळा त्याआधीच, लॅबमधून आलेल्या एक्सेल शीटमध्ये होऊन गेलेली असते.

फाइल हाती आली की आधी कर्व्हच्या सुरुवातीच्या सरळ भागाचा उतार काढा. स्टीलसाठी तो 200 ते 210 जीपीएच्या आसपास यायला हवा. 40-50 आला, तर स्ट्रेन क्रॉसहेडच्या (मशीनच्या सरकत्या आडव्या भागाच्या) हालचालीवरून मोजलाय, असं बहुधा समजावं. कारण साधं आहे. 50 मिमी गेज लांबीचा (जिच्यावर स्ट्रेन मोजतात ती लांबी) नमुना 300 एमपीएला जेमतेम 0.073 मिमी लांबतो. जबड्यात तो याहून जास्त घसरू शकतो. शिवाय मशीनचा सांगाडाही ताणतो, तो वेगळाच. उतार हाताने ‘दुरुस्त’ करून 205 आणणारे महाभाग आहेत, पण त्याने यील्डच्या (जिथून कायमची विकृती सुरू होते त्या बिंदूच्या) पुढचा स्ट्रेन बरोबर होत नाही. टेस्ट एक्स्टेन्सोमीटर (थेट नमुन्यावर लावायचं लांबी मोजणारं उपकरण) किंवा डीआयसी (कॅमेऱ्याने स्ट्रेन मोजायची पद्धत) लावूनच करून घ्या.

इंजिनिअरिंग कर्व्ह तसाच भरणं

लॅबचा इंजिनिअरिंग कर्व्ह नमुन्याच्या मूळ क्षेत्रफळावर आणि लांबीवर काढलेला असतो. अबॅकसच्या प्लास्टिक टेबलमध्ये मात्र ट्रू स्ट्रेस (त्या क्षणीच्या क्षेत्रफळावरचा) आणि प्लास्टिक (कायमचा उरणारा) स्ट्रेन लागतो. समजा, कर्व्हच्या माथ्यावर 620 एमपीए आणि 15 टक्के स्ट्रेन आहे. ट्रू स्ट्रेस 620 × 1.15 म्हणजे 713 एमपीए. ट्रू स्ट्रेन ln(1.15), म्हणजे 0.140. त्यातून इलॅस्टिक भाग, 713 भागिले 2,05,000, म्हणजे 0.0035 वजा केला की प्लास्टिक स्ट्रेन साधारण 0.136 उरतो. ही वजाबाकी विसरणारे बरेच. टेबलची पहिली ओळ यील्ड स्ट्रेस आणि शून्य प्लास्टिक स्ट्रेन, हेही लक्षात असू द्या.

यापुढे मात्र सांभाळून. वरची सूत्रं माथ्यापर्यंतच चालतात. त्यानंतर नमुन्याची मान एका जागी बारीक व्हायला लागते आणि 50 मिमीवर मोजलेला सरासरी स्ट्रेन त्या मानेबद्दल काहीच सांगत नाही. तरीही उतरता भाग सूत्रात घालून टेबलमध्ये टाकलेला दिसतो. उलट, टेबल माथ्यावरच थांबवलं तर अबॅकस शेवटच्या बिंदूपुढे स्ट्रेस स्थिर धरतो आणि मॉडेलमधली मान प्रत्यक्षापेक्षा भराभर बारीक होते. म्हणून कर्व्ह पुढे वाढवावा लागतो. त्यासाठीच्या प्रचलित समीकरणांपैकी स्विफ्टचं समीकरण स्ट्रेस वाढवतच नेतं, वोसचं एका पातळीला सपाट होतं. अशा स्टीलसाठी मी दोन्हींचं मिश्रण घेतो आणि मॉडेलमधला फोर्स-डिस्प्लेसमेंट टेस्टशी जुळेपर्यंत त्यांचं प्रमाण बदलत जातो. काम कंटाळवाणं आहे, पण याला शॉर्टकट मला सापडलेला नाही.

इलाँगेशनलाच फेल्युअर स्ट्रेन समजणं

रिपोर्टमध्ये इलाँगेशन (तुटेपर्यंत गेज लांबीत झालेली वाढ) 25 टक्के लिहिलं, म्हणून फेल्युअर स्ट्रेन 0.25 भरला, की पार्ट अकाली तुटणारच. तुटल्या जागी क्षेत्रफळ 60 टक्क्यांनी घटलं असेल, तर तिथला स्ट्रेन ln(1/0.4), म्हणजे 0.92 असतो. हा आकडाही सगळीकडे चालत नाही. मॉडेल लहान तुकड्यांच्या (एलिमेंट) जाळीत (मेश) विभागलेलं असतं. 0.5 मिमीच्या एलिमेंटला मानेतला स्ट्रेन दिसतो, 5 मिमीच्या एलिमेंटमध्ये तो आजूबाजूच्या भागात वाटला जातो. एका मेशवर जुळवलेली किंमत दुसऱ्या मेशवर नेऊ नका. पूर्ण गाडीच्या क्रॅश मॉडेलमध्ये कूपनच्या (टेस्टच्या छोट्या नमुन्याच्या) बारीक मेशचे आकडे उचलून टाकले, की पार्ट तुटतच नाही, आणि रिपोर्ट उगाच छान दिसतो.

युनिट्सचा घोळ नेहमीचाच. मिमी, टन, सेकंद घेतलं, तर स्टीलची घनता 7.85e-9, तिथे 7850 टाइप केलं तर स्टॅटिक रनमध्ये कदाचित कळणारही नाही, एक्स्प्लिसिटमध्ये (क्रॅशसारख्या वेगवान घटनांच्या गणितात) टाइम स्टेप लाखो पटींनी फुगेल. क्रॅशसाठी संथ टेस्टचा एकच कर्व्ह पुरत नाही, वेगवेगळ्या स्ट्रेन रेटचे (ताणण्याच्या वेगांचे) कर्व्ह मागून घ्या.

कार्बन फायबर कंपोझिटचं कूपन जबड्यात किंवा टॅबच्या (पकडीसाठी टोकांना चिकटवलेल्या पट्टीच्या) कडेलाच तुटलं असेल, तर तो आकडा सरासरीत धरू नका. टॅब, ग्रिपचा दाब आणि अलाइनमेंट तपासून टेस्ट पुन्हा घ्या.

पार्टचं मॉडेल चालवण्याआधी त्याच मटेरियल कार्डवर (मॉडेलमध्ये भरलेल्या मटेरियलच्या माहितीवर) टेन्साइल नमुनाच सिम्युलेट करा. डिस्प्लेसमेंट वाचताना नोड (मेशचे बिंदू) मात्र एक्स्टेन्सोमीटरच्या पात्यांच्या जागचे निवडा, ग्रिपच्या टोकाचे नको.