टोमॅटोचं कोणतं वाण क्षार सोसतं? रोपावरच पारखा

मिठाच्या पाण्यात बी उगवलं म्हणून वाण क्षार सोसणारं ठरत नाही. टोमॅटोत उगवणीच्या वेळची सहनशीलता आणि वाढीच्या वेळची, दोन्ही बऱ्याच अंशी वेगवेगळ्या जीन्सच्या हाती असतात. म्हणून चाचणी चार-पाच पानांच्या रोपावर घ्या.

नागपुरात नोव्हेंबर ते जानेवारी गाठा. मे महिन्याच्या झळांत रोप इतकं पाणी ओढतं की सोडियमही भराभर वर चढतो; पान उन्हानं करपलं की मिठानं, कळत नाही. काळी माती नको. सोडियमनं तिचे कण सुटतात, निचरा बसतो आणि मुळं गुदमरून मेलेलं रोप क्षाराच्या खात्यात जमा होतं. कोकोपीट घ्या, पण धुऊन, कारण त्यात मुळातच मीठ असू शकतं. निथळणाऱ्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) ओतलेल्या पाण्याइतकी आली की थांबा.

प्रत्येक वाणाची 20 रोपं: 10 साध्या खतपाण्यावर, 10 मिठावर. वाणानुसार रांगा लावू नका, कुंड्या सरमिसळ ठेवा.

लिटरला 1.5 ग्रॅम मिठानं सुरुवात करा, दर दोन दिवसांनी तेवढंच वाढवत 6 ग्रॅमवर या. एवढ्या मिठाची ईसी साधारण 10 डेसीसीमेन्स प्रति मीटर भरते, खताची त्यात वेगळी. पहिल्याच दिवशी 6 ग्रॅम दिलं तर रोपं माना टाकतात. पण तो पाणी न ओढता येण्याचा धक्का झाला, सोडियम रोखण्याची ताकद त्यात दिसत नाही. दर पाण्याला चौथा हिस्सा तळातून निघून जाऊ द्या, नाहीतर कोकोपीटमध्ये क्षार साचून सगळ्याच वाणांची परीक्षा बिघडते. कॅल्शियम नायट्रेट चुकवू नका, फक्त फॉस्फेट-सल्फेटच्या दाट द्रावणात मिसळू नका, साका बसतो.

6 ग्रॅमवर आल्यापासून 21 दिवसांनी रोपं कापा, 70 अंशांवर 48 तास वाळवा, वजन करा. मिठावरचं वजन त्याच वाणाच्या साध्या रोपांच्या वजनाच्या किती टक्के, हा पहिला आकडा. मिठावरचं नुसतं वजनही लिहून ठेवा: खुरटं वाण टक्क्यांत जिंकतं, शेतात हरतं.

सोय असेल तर कोवळ्या पूर्ण पानातलं सोडियम-पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर (ज्योतीच्या प्रकाशावरून ही मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) मोजा. एसओएस१ हा जीन मुळातून सोडियम बाहेर ढकलायला लागतो. एचकेटी१;२ चढत्या रसातलं सोडियम वाटेतच काढून घेतो, पानापर्यंत कमी पोहोचू देतो; तो सातव्या गुणसूत्रावर आहे. एनएचएक्स कुळातले जीन आत शिरलेलं सोडियम व पोटॅशियम पेशीच्या रसधानीत (पेशीतल्या रसाच्या पिशवीत) कोंडायला मदत करतात. म्हणूनच पेनेलीसारखा रानटी टोमॅटो पानात भरपूर सोडियम साठवूनही तगतो. रानटी नातेवाईकांशी संकर केलेल्या वाणांत जास्त सोडियम दिसलं तर घाईनं बाद करू नका, वजन पाहा.

सोडियम अडवण्याचं बरंचसं काम मुळांमध्ये होत असल्यानं निवडलेलं वाण खुंट (कलमाचा खालचा, मुळांचा भाग) म्हणूनही चालतं का, ते त्यावर बाजारातल्या वाणाचं कलम करून तपासा. बी मात्र संकरित फळाचं धरू नका, पुढच्या पिढीत गुण फुटतात.