डक्टला गोधडी गुंडाळण्याआधी: या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावरची टोकाची खोली जानेवारीत काही केल्या तापायची नाही. थर्मोस्टॅट वाढवायचा, खाली सगळ्यांनी घामाघूम व्हायचं आणि त्या खोलीत मात्र स्वेटर. शेवटी एका शनिवारी टॉर्च घेऊन छपराखालच्या अ‍ॅटिकमध्ये चढलो. डक्टवर, म्हणजे खोल्याखोल्यांत गरम-गार हवा पोचवणाऱ्या नळांवर, फायबरग्लासचं जाडजूड वेष्टन होतं, फक्त एका सांध्यापाशी ते काळंकुट्ट पडलेलं. आधी बुरशी वाटली. हात नेला तर गरम हवेचा झोत!

फायबरग्लास हवा अडवत नाही, गाळतो. सांध्यातून वर्षानुवर्षं निसटणाऱ्या हवेतली धूळ त्यात अडकून तो डाग पडला होता. पूर्वी कुणा कंत्राटदाराने गळका डक्ट तसाच गोधडीत गुंडाळला होता आणि आम्ही इमानेइतबारे अ‍ॅटिक तापवत होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: गळती न बुजवता इन्सुलेशन करणं. अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचत कार्यक्रमाच्या, म्हणजे एनर्जी स्टारच्या मते सर्वसाधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा भोकं, फटी आणि निखळलेल्या सांध्यांतून वाया जाते. गळती शोधायला आपल्या देवघरातली उदबत्ती पुरते. थर्मोस्टॅटवर फॅन ‘ऑन’ करा आणि सांध्याजवळ ती धरा. पुरवठ्याच्या डक्टला गळती असेल तर धूर बाहेर ढकलला जातो, रिटर्नला, म्हणजे खोल्यांतली हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या डक्टला, असेल तर आत ओढला जातो. इन्सुलेशनच्या कागदी अस्तरापासून मात्र ती लांब ठेवा, तो कागद पेट घेतो.

मग फटी बुजवायला आपण काय आणतो? डक्ट टेप. नावातच डक्ट आहे ना! १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने निरनिराळ्या टेप आणि लेप तपासले, तेव्हा नेमकी ही कापडी टेपच नापास झाली. उष्णतेने तिचा गोंद सुकतो आणि ती सुटते. ब्रशने थापायचं मॅस्टिक (दाट, चिकट लेप) वापरा, किंवा ‘यूएल १८१’ हे डक्टसाठीचं मानक छापलेली फॉइल टेप. टेप लावण्याआधी पत्र्यावरची धूळ आणि तेलकटपणा नीट पुसा. पाव इंचाहून मोठ्या फटीवर आधी जाळी, मग मॅस्टिक.

वेष्टन चढवताना चमकती बाजू बाहेर. उन्हाळ्यात आतली हवा साधारण १३ अंश सेल्सियस असते आणि भोवती दमट, तापलेलं अ‍ॅटिक. फॉइल आत गेलं, किंवा त्याचे सांधे उघडे राहिले, तर बाहेरची वाफ गार पत्र्यापर्यंत पोचते आणि पाणी होऊन ठिबकते. छतावर डाग दिसतो आणि आपण छप्परवाल्याला फोन करतो. वेष्टन करकचून आवळूही नका. ऊब त्यात कोंडलेल्या हवेची असते, दाबलंत की गेली. अ‍ॅटिकमधल्या डक्टसाठी आर-८ घ्या (‘आर’चा आकडा जितका मोठा, तितकी उष्णता जास्त अडते).

फ्लेक्स डक्ट (वाकणारी लवचीक नळी) असेल तर त्याला झोळ पडू देऊ नका. प्रत्येक फुटामागे अर्ध्या इंचाहून जास्त लोंबला, की इन्सुलेशन कितीही भारी असो, हवा शेवटच्या खोलीपर्यंत दमानेच जाणार. वापरात नसलेल्या खोल्यांच्या झडपा बंद करून पैसे वाचतील, हाही भ्रमच. डक्टमधला दाब वाढतो आणि गळती उलट जोर धरते.

जुन्या घरात डक्टवर पांढरट, पुठ्ठ्यासारखं किंवा कापडी वेष्टन दिसलं तर खरवडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आधी चाचणी करून घ्या. फर्नेस (घराची हवा तापवणारी भट्टी) किंवा वॉटर हीटर गॅसवर असेल, तर डक्ट बुजवल्यावर घरातल्या हवेच्या दाबाचं गणित बदलतं. धूर चिमणीतून नीट बाहेर जातोय ना, हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू ठेवा. यात काटकसर नको.

एक चूक माझी स्वतःची. अ‍ॅटिकचं काम जमलं म्हणून हुरूप आला आणि बेसमेंटमधले डक्टही गुंडाळले. ते बेसमेंट डक्टमधून निसटणाऱ्या उबेवरच तगून होतं, हे डोक्यातच आलं नाही. पुढच्या थंडीच्या लाटेत बाहेरच्या भिंतीलगतच्या नळाची धार एका सकाळी करंगळीएवढी झाली. हेअर ड्रायर घेऊन तासभर त्या पाइपासमोर बसलो. आता भिंतीच्या कडेच्या फटी बुजवल्यात आणि पाइपावर फोमची नळी आहे.