व्हेंडरला सिस्टिमचा ॲक्सेस देताना कॉन्ट्रॅक्टमध्ये काय लिहायचं आणि नंतर काय करायचं

मागच्या वर्षी ईआरपीची (कंपनीचे हिशेब, खरेदी, स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर) एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, रिन्यू करायची होती म्हणून सहज युजर लिस्ट काढून बघितली, तर व्हेंडरच्या नावाने अकरा आयडी निघाले. त्यातले मला चेहऱ्याने माहीत असलेले तीन. बाकीच्यांचं विचारायला त्यांच्या मॅनेजरला फोन लावला तर तो म्हणतो, अहो साहेब त्यातले पाच जण कधीच सोडून गेले. ठीक आहे म्हटलं, पण त्या पाचातल्या एकाचं शेवटचं लॉगिन होतं तीन आठवड्यांपूर्वीचं! म्हणजे माणूस गेला, आयडी राहिला आणि पासवर्ड पुढच्या पोराला वारसाहक्काने मिळाला. नुकसान काही झालं नव्हतं हे नशीब. मग ॲग्रीमेंट काढून वाचलं तर पेमेंटच्या अटींना दोन पानं आणि ॲक्सेसबद्दल एक ओळ, 'ग्राहक आवश्यक तो ॲक्सेस उपलब्ध करून देईल.' आवश्यक म्हणजे कुठला, कुणाला, किती दिवस, काहीच नाही. आणि सही आमच्याच साहेबांची.

मी चाकणच्या बाजूला एका मध्यम कारखान्यात आयटी बघतो. सिक्युरिटी टीम वगैरे काही नाही, मी आणि एक ज्युनियर. बँकांना आरबीआयने २०२३ च्या आयटी आउटसोर्सिंगवरच्या मास्टर डायरेक्शनमध्ये बरंच सांगून ठेवलंय, त्यांच्याकडे माणसंही असतात. हे लिहितोय ते ईआरपी, पेरोल, सीसीटीव्ही, वेबसाइट अशी सात-आठ सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टं एकट्याने सांभाळणाऱ्यांसाठी.

आधी काम लिहा, मग ॲक्सेस

व्हेंडरला विचारलं की काय काय लागेल, तर उत्तर ठरलेलं, ॲडमिन द्या. त्याच्यासाठी ते सोपं असतं ना. म्हणून त्याला विचारायच्या आधी आपण एक साधी एक्सेल शीट करायची, डावीकडे काम, उजवीकडे त्या कामाला कमीत कमी काय लागतं ते. पेरोलवाल्याला हजेरीची फाइल पाहिजे, मग त्याला फाइल द्या, अख्ख्या डेटाबेसचं लॉगिन कशाला? सीसीटीव्हीवाल्याला डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी मशीन) पाहिजे, तो ज्या नेटवर्कवर आहे तेवढंच वेगळं करून द्या, त्याच्या लॅपटॉपवरून अकाउंट्सचा सर्व्हर दिसायचं काहीच कारण नाही. ईआरपी सपोर्टला टेस्ट सर्व्हरवर हवं ते करू दे, लाइव्हवर फक्त बघायचे राइट्स, आणि लाइव्हमध्ये बदल करायचा तर टिकिट नंबर (तक्रारीच्या नोंदीचा नंबर) सांगून तेवढ्या वेळापुरते. एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) असेल तर 'एसए'चा, म्हणजे त्याच्या सर्वाधिकारी आयडीचा, पासवर्ड कुठल्याही व्हेंडरकडे नको, रिपोर्ट बनवणाऱ्या पोराला डेटारीडर (फक्त वाचण्याचा) रोल पुरतो, आणि तो पुरत नाही म्हणाला तर नक्की कुठलं टेबल, कशासाठी, हे ईमेलवर लिहून मागा. माझा अनुभव असा की लिहून मागितलं की निम्म्या मागण्या आपोआप गळून पडतात.

हे किरकोळ वाटत असेल तर २०१३ मधला अमेरिकेतल्या टार्गेटचा प्रकार आठवा. एवढी मोठी दुकानांची साखळी, पण चोर आत शिरले ते फ्रिज-एसीचं काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या चोरलेल्या लॉगिनवरून. ते लॉगिन होतं बिलं आणि प्रोजेक्टची कागदपत्रं टाकण्यापुरतं, पण तिथून आत वाट काढत काढत बिलिंग काउंटरच्या मशीनपर्यंत पोचले आणि जवळपास ४ कोटी कार्डांची माहिती गेली.

उलट्या बाजूचं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. २००५ मध्ये इथल्या एका कॉल सेंटरमधल्या काही लोकांनी अमेरिकेतल्या बँकेच्या ग्राहकांकडून पिन काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास पैसे वळवले. त्यात कुणी सिस्टिम फोडली नव्हती, खुर्चीवर बसून कामासाठी मिळालेल्या संधीचाच वापर केला होता. त्यामुळे पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी एकाच माणसाच्या हातात सगळं काम राहणार असेल तर उपयोग नाही. व्हेंडर मास्टर (ज्यांना पैसे द्यायचे त्यांची नावं आणि बँक खात्यांची यादी) बदलणारा एक आणि पेमेंट सोडणारा दुसरा, आणि हा दुसरा आपला माणूस, एवढं तरी बघाच.

आता कॉन्ट्रॅक्ट

मेन ॲग्रीमेंटमध्ये सगळं कोंबू नका, कारण त्यात बदल करायचा म्हणजे परत स्टॅम्प पेपर, परत सह्या, मग कुणी करतच नाही. ॲग्रीमेंटमध्ये एवढंच लिहा की ॲक्सेस 'परिशिष्ट अ' प्रमाणे राहील आणि ते परिशिष्ट दोन्हीकडच्या ठरलेल्या माणसांनी ईमेलवर मान्य केलं की बदलेल. परिशिष्टात माणसाचं नाव, सिस्टिम, रोल, कुठून जोडणार, कधीपासून, कधीपर्यंत. कंपनीच्या नावाने एकही आयडी नको, 'सपोर्ट१' 'सपोर्ट२' असले तर अजिबात नकोत, कारण उद्या भानगड झाली तर सपोर्ट१ला कुठे शोधणार?

सगळ्यात महत्त्वाचं कलम माझ्या मते माणूस बदलण्याचं आहे, आणि नेमकं तेच नसतं. आपला माणूस सोडून गेला तर एचआर आपल्याला कळवतं, व्हेंडरचा माणूस गेला तर आपल्याला कोण सांगणार? मी आता असं लिहितो (वकिलाकडून इंग्रजीत करून घ्या): 'एजन्सीचा कर्मचारी नोकरी सोडल्यास किंवा दुसऱ्या कामावर गेल्यास एजन्सी त्याच दिवशी ग्राहकाला ईमेलने कळवेल, आणि त्याला कामावरून काढायचं असल्यास ते त्याला सांगण्याच्या आधी कळवेल.' हे 'आधी' मुद्दाम टाकलंय, रागावलेल्या माणसाकडे चालू पासवर्ड असण्याइतकं वाईट काही नाही. न कळवल्यास दर प्रकरणी अमुक रक्कम बिलातून कापणार हे पण लिहा, रक्कम छोटी असली तरी चालेल, त्यांच्या अकाउंट्समध्ये प्रश्न विचारला गेला पाहिजे एवढाच हेतू.

बाकीची कलमं पटापट सांगतो. आयडी शेअर करायचा नाही. आमच्या लेखी परवानगीशिवाय काम पोटकंत्राटाने पुढे द्यायचं नाही आणि दिलं तर त्या माणसांनाही हेच नियम. लाइव्ह डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवायचा नाही, टेस्टिंगला नावं-मोबाइल नंबर बदललेला डेटा आम्ही देऊ. लॉगिनला ओटीपी किंवा ऑथेंटिकेटर ॲप सक्तीचं. लॉग (कोण कधी आत आला, काय केलं त्याच्या नोंदी) आमचे, आणि बघायचा हक्क आमचा.

काही गडबड झाली तर किती वेळात कळवायचं हे तासात लिहा, 'तातडीने' असं लिहू नका. का, तर सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत रिपोर्ट करावी लागते, आणि व्हेंडरने दुसऱ्या दिवशी फोन करून 'काल थोडा इश्यू झाला होता' सांगितलं तर आपण सापळ्यात. मी २ तास लिहितो. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत, पण आता लोकांचा वैयक्तिक डेटा असेल तर डीपीडीपीचे (लोकांचा वैयक्तिक डेटा जपण्याचा २०२३ चा कायदा) नियम आलेत नोव्हेंबर २०२५ मध्ये, टप्प्याटप्प्याने लागू होतायत आणि त्यात लॉग एक वर्ष ठेवायची गोष्ट आहे, तर सरळ एक वर्षच लिहून टाका. आणि हो, चूक व्हेंडरची आहे म्हणून आपण सुटत नाही, २०२३ च्या त्या कायद्यात डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे जी कंपनी ठरवते ती जबाबदार, करारात काहीही लिहिलेलं असो, आणि सुरक्षेची काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा साहेबांना एकदा दाखवलात की पुढचं बोलणं सोपं जातं.

घोडं अडतं ते एसएलएवर (किती वेळात काम करून देणार याची हमी)

व्हेंडर म्हणतो, ॲडमिन काढून घेतलंत तर चार तासांत कॉल क्लोज करायची गॅरंटी देता येणार नाही. आणि खरं सांगू का, त्याचं म्हणणं चुकीचं नाहीये. रात्री अकराला सर्व्हर बसला आणि परवानगी देणारा माणूस (म्हणजे मीच) लग्नाला गेलेला, तर तो काय करणार? म्हणून दोन्हीकडून बांधून घ्या. आम्ही मागणी आल्यापासून ३० मिनिटांत ॲक्सेस देऊ, आणि आम्ही देईपर्यंतचा वेळ एसएलएत मोजायचा नाही. हे कलम टाकल्यावर आमच्या व्हेंडरची कुरकुर थांबली. शिवाय एक इमर्जन्सी आयडी ठेवलाय, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात, वरती सही करून, अकाउंट्सच्या तिजोरीत. शिफ्ट इन्चार्जने फोडायचं, रजिस्टरमध्ये वेळ टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पासवर्ड बदलून नवीन पाकीट ठेवतो. दीड वर्षात दोनदा फुटलं. जुनाट वाटेल पण चालतं.

सिस्टिमवर काय करायचं

कागदावर तारीख लिहून आयडी बंद होत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोज नेटवर्कमधले सगळे आयडी एका जागी सांभाळणारी सोय) असेल तर युजरच्या अकाउंट टॅबमध्ये खाली 'अकाउंट एक्स्पायर्स' असतं, आयडी बनवताना तिथे पीओची (परचेस ऑर्डरची) शेवटची तारीख टाकून मोकळे व्हा. एएमसी रिन्यू झाली नाही तर आयडी आपोआप झोपेल आणि मग व्हेंडरच तुमच्या मागे लागेल की साहेब पीओ काढा, आपण त्याच्या मागे लागायची गरज नाही. तिथेच लॉगऑनचे तास आणि कुठल्या मशीनवर लॉगिन करायचं तेही ठरवता येतं. लोक वापरत का नाहीत कळत नाही, फुकट आहे.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर (दुरून आपली मशीन चालवायची सॉफ्टवेअर) हा वेगळाच ताप. एकदा कुणीतरी अनअटेंडेड ॲक्सेसचा, म्हणजे मशीनसमोर कुणी नसताना आत शिरायचा, पासवर्ड सेट करून जातो आणि मग ते दार कायमचं उघडं, आपल्या फायरवॉलवर आपण कितीही खुश असलो तरी. शक्यतो व्हीपीएन (बाहेरून आपल्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) आणि त्यातून एकच मधली मशीन, सगळे व्हेंडर तिथेच उतरणार, तिथून पुढे ज्याला जे दिलंय तेवढंच, आणि त्या मशीनवर स्क्रीन रेकॉर्डिंग चालू. नसेल जमत तर निदान अनअटेंडेड बंद करा, कोण जोडू शकतो त्याची यादी सेट करा आणि आपला माणूस समोर बसून 'ॲक्सेप्ट' दाबेल असं ठेवा. कार्ड पेमेंटवाल्यांच्या सुरक्षेच्या पीसीआय नियमांत तर स्पष्टच आहे, बाहेरच्या पार्टीचा रिमोट आयडी काम असेल तेवढाच वेळ चालू, बाकी वेळ बंद. तुम्ही कार्ड घेत नसलात तरी नियम उचलायला हरकत नाही.

आता माझी फजिती. त्या अकरा आयडींची यादी हातात आल्यावर मी जोशात आठ आयडी एका दुपारी बंद केले. रात्री बॅकअप झालाच नाही. कारण दोन वर्षांपूर्वी कुणीतरी बॅकअपचा शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) स्वतःच्या आयडीवर लावून ठेवला होता आणि तो माणूस त्या गेलेल्या पाचातलाच. हे मला कळलं तिसऱ्या दिवशी. तेव्हा आयडी बंद करायच्या आधी त्याच्यावर कुठले टास्क, कुठल्या सर्व्हिसेस, कुठली इंटिग्रेशन (दोन सिस्टिममधली जोडणी) चालतात ते शोधा, त्यांच्यासाठी वेगळा सर्व्हिस अकाउंट करा ज्याने कुणी माणूस लॉगिन करू शकणार नाही, त्याचा पासवर्ड आपल्याकडे. मग आयडी डिलीट न करता आधी डिसेबल करा आणि दोन आठवडे थांबा, त्यात महिनाअखेर येईल असं बघा, महिनाअखेरचं काहीतरी चालत असतं ते तेव्हा ओरडतं.

दर तीन महिन्यांनी यादी तपासा, पण रजिस्टरवरून नाही, सिस्टिममधून यादी काढा आणि ती व्हेंडरच्या मॅनेजरला पाठवून 'यातली माणसं अजून तुमच्याकडे, याच कामावर आहेत का' असं उत्तर ईमेलवर घ्या. ९० दिवस लॉगिन नसेल तर विचारत बसू नका, बंद करा. लागलं तर मागतील.

कॉन्ट्रॅक्ट संपताना

शेवटचं बिल हा आपल्या हातातला शेवटचा दोरा, तो आधी सोडू नका. एका पानाचा क्लोजर फॉर्म करा, त्यात आयडी बंद, व्हीपीएन बंद, रिमोट टूल काढलं, एपीआय की आणि एसएसएच की (पासवर्डसारखेच, पण सॉफ्टवेअरने आणि सर्व्हरवर शिरायला वापरायचे कोड) बदलल्या, राउटर-डीव्हीआरचे पासवर्ड बदलले, त्यांच्याकडचा डेटा पुसल्याचं लेखी पत्र आलं, आणि आयटीची सही झाल्याशिवाय अकाउंट्सने पेमेंट सोडायचं नाही, हे कॉन्ट्रॅक्टच्या पेमेंट टर्म्समध्येच लिहिलेलं पाहिजे, नाहीतर व्हेंडर भांडतो आणि भांडण रास्तच असतं.

एक गोष्ट या फॉर्ममध्ये हमखास राहून जाते, ती म्हणजे जे आपलं असून आपल्या नावावर नाहीच ते. वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेन (वेबसाइटचं नाव) स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं. जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर कन्सल्टंटचा, म्हणजे ओटीपी त्याला. डिजिटल सिग्नेचरचं डोंगल पिनची चिठ्ठी चिकटवून सीएच्या ड्रॉवरमध्ये, खरं तर आयटी कायद्यात त्या कीचा ताबा सांभाळायची जबाबदारी ज्याच्या नावावर ती आहे त्याची. ई-वे बिलवाल्याला मेन पासवर्ड दिलेला असतो, पोर्टलवर सब-युजर करायची सोय असूनसुद्धा. हे सगळं कॉन्ट्रॅक्ट चालू असताना, संबंध गोड असताना, एक एक करून आपल्या ईमेलवर आणि आपल्या नंबरवर आणून घ्या, आणि तो नंबर एखाद्या कर्मचाऱ्याच्या खाजगी मोबाइलचा नको, कंपनीचं सिम घ्या. आमच्या डोमेनला परत आपल्या नावावर आणायला मला चार महिने लागले आणि त्यातले साडेतीन नुसते फोन करण्यात गेले.