वाटीखालची कळ: स्क्वॉटने गुडघा धरला, तेव्हा मी काय केलं

त्या महिन्यात मी दोन गोष्टी एकदम वाढवल्या होत्या. स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकांचा, बार ४० किलोवरून ५५ वर नेला आणि दर रविवारी साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर चालत जायला लागले. चढताना काही नाही, पण उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली बारीक कळ यायची. एका सोमवारी बँकेचा जिना उतरताना कठडा धरावा लागला, तेव्हा मात्र मी ते मनावर घेतलं.

सासूबाई म्हणाल्या, "आता पुरे झालं गं ते वजन उचलणं." जिममध्ये ऐकलं की गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला म्हणून दुखला. हे तर साफ चूक आहे. जिना उतरताना, पाटावरून उठताना गुडघा बोटांपुढे जातोच. स्क्वॉटमध्ये तो मुद्दाम मागे अडवला, तर धड जास्त वाकतं आणि भार कंबरेवर जातो. माझं चुकलं होतं ते वाढीच्या वेगात. मांडीचे स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, पण वाटीला नडगीशी जोडणारा दोरीसारखा चिवट पट्टा, म्हणजे टेंडन, तयार व्हायला महिने लागतात.

घरच्या घरी काही करण्याआधी एवढं तपासा. वजन उचलताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज येऊन काही तासांत तो टम्म सुजला का? चार पावलं टाकता येत नाहीत का? गुडघा मध्येच अडकतो, किंवा काटकोनात वाकत नाही? पलंगावर उताणं झोपून पाय सरळ ठेवून उचलताच येत नाही? गुडघा लाल आणि गरम होऊन ताप आलाय? यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. अशा गुडघ्याला कुणाला चोळू देऊ नका, ओढून बसवूही देऊ नका.

असं काही नसेल, तर नेमकं कुठं दुखतंय ते एका बोटाने दाखवायचा प्रयत्न करा. बोट वाटीच्या खालच्या टोकावरच टेकलं आणि भार वाढेल तशी कळ वाढत असेल, तर बहुतेक टेंडनचं दुखणं. बोटाने दाखवता येत नाही, वाटीच्या मागे किंवा सगळीकडून दुखतं आणि बराच वेळ बसून उठताना जास्त होतं, तर वाटीच्या सांध्याचं. माझं पहिल्या प्रकारचं निघालं. फिजिओ मॅडमनी दाबून पाहिलं, एका पायावर थोडं बसायला लावलं आणि एमआरआयची गरज नाही म्हणाल्या. ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्याही टेंडनमध्ये स्कॅनवर बदल दिसतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

पूर्ण विश्रांती घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. मी आधी तीन आठवडे सगळं बंद ठेवलं. दुखणं थांबलं, आणि पहिल्याच स्क्वॉटला परत आलं. भार मिळाला नाही की टेंडन आणखी कमकुवत होतो. उड्या, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकायचा व्यायाम) आणि उतार बंद करा, बाकीचा व्यायाम चालू ठेवा. बर्फाने तात्पुरतं बरं वाटत असेल तर लावा, पण वेदनाशामक गोळी घेऊन जिमला जाऊ नका. दुखणं हीच आपली मोजपट्टी आहे, तीच झाकली तर कळणार कसं? एका ठिकाणी मला स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं होतं. काही आठवडे आराम पडतो, पण टेंडन त्याने सुधारत नाही, उलट कमकुवत व्हायची भीती असते. मी घेतलं नाही.

पहिले दोन आठवडे मी लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर पाय अर्धवट उचलून नुसता धरून ठेवायचे. ४५ सेकंद धरायचं, दोन मिनिटं थांबायचं, असं पाच वेळा. मशीन नसेल तर भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठकीत थांबा. पाचव्या वेळेनंतर जिना उतरून पाहा. माझी कळ तेवढ्यापुरती निम्मी व्हायची.

मग लेग प्रेस (मशीनवर बसून पायांनी वजन ढकलणं) आणि स्क्वॉट, पण अगदी सावकाश. खाली जायला तीन-चार सेकंद, वर यायला तेवढीच. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. सुरुवात एका दमात जेमतेम १५ रेप, म्हणजे १५ वेळा, होतील इतक्या वजनाने केली आणि बाराव्या आठवड्यापर्यंत वजन वाढवत सहा रेपवर आले. पहिल्या दिवशी माझ्या खांद्यावर नुसता २० किलोचा बार होता. शेजारी मुली ६० ने करत होत्या, मला रडू आलं. तरी प्लेट लावली नाही.

वाढवायचं की नाही हे दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी उठल्यावर मी न्याहारीआधी एका पायावर थोडी बसायचे आणि आकडा वहीत लिहायचे. कालच्याइतकाच असेल तर पुढे जायचं, वाढला असेल तर मागच्या वजनावर परत. बारा आठवड्यांत मला तीनदा मागे यावं लागलं. त्यातलं एकदा तर हळदीकुंकवाला दोन तास मांडी घालून बसल्यामुळे. तेव्हापासून कार्यक्रमात खुर्ची मागून घेते.

चौदाव्या आठवड्यात ४५ किलो विनातक्रार झाले. आता दोन आठवड्यांतून एकदाच वाढवते, तेही अडीच किलो. अजिंक्यतारा पुन्हा सुरू केलाय, पण त्या आठवड्यात बारवर काही वाढवत नाही.